लेबल न वाचता ड्रम उघडू नका

तारापूर एमआयडीसीतल्या कुठल्याही जुन्या हेल्परला विचारून बघा. गेटवर गाडी लागली, ड्रम उतरले आणि त्यातल्या एकावर लेबलच नाही, तर तो झाकणाला हात लावेल का? लावणार नाही. आधी स्टोअरवाल्याला हाक मारेल, चलान मागेल, केमिस्टला खाली बोलावेल. आत पाणी असेल, नाहीतर ॲसिड असेल. हे त्याला कोणी फळ्यावर लिहून शिकवलेलं नाही. या भागात जे अपघात झाले, त्यांनी शिकवलं आहे.

त्याच कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, ऑफिसात, रोज सकाळी मेल उघडले जातात आणि त्यांना जोडून आलेल्या फाइली धडाधड क्लिक होतात. कोणी पाठवली, कशासाठी पाठवली, आत काय आहे, काही न बघता. मी बोईसरमध्ये अशाच ऑफिसांतले कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळतो. फाइल उघडल्यानंतर बोलावणं येतं ते मला. म्हणून हे कळकळीने लिहितो आहे.

एका छोट्या केमिकल युनिटची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण दोष त्यांच्यापुरता नाही. महिनाअखेर होती. अकाउंट्सला बसणारी मुलगी सफाळ्याहून लोकलने येते, कामाला चोख. तिला मेल आला, विषय ‘थकलेलं पेमेंट, तातडीचं’. सोबत फाइल. तिने ती दोनदा क्लिक केली. काहीच उघडलं नाही. फाइल खराब असेल, असं वाटून तिने आणखी दोन-तीन वेळा क्लिक केलं. मग तोच मेल डिस्पॅचच्या मुलाला पाठवला, ‘तुझ्याकडे उघडतोय का बघ’ म्हणून. त्यानेही उघडून बघितला.

फाइल उघडली नाही असं त्या दोघांना वाटलं. ती उघडली होती. फक्त पडद्यावर दाखवण्यासारखं तिच्यात काही नव्हतं, तिला जे करायचं होतं ते आत सुरू झालं होतं. जेवणाच्या सुट्टीनंतर टॅली उघडेना. एक्सेलच्या सगळ्या फाइलींच्या नावांना विचित्र शेपट्या लागल्या होत्या आणि पडद्यावर इंग्रजीत पैशांची मागणी होती. बॅकअपची हार्ड डिस्क होती, पण ती कायम त्याच मशीनला लावलेली. तिच्यावरचा डेटाही गेला. पुढचे तीन आठवडे ऑफिसातली माणसं छापील बिलांच्या फायली काढून एकेक व्हाउचर पुन्हा भरत होती.

मला सर्वांत जास्त खटकलं ते वेगळंच. त्या मुलीला अकराच्या सुमारालाच शंका आली होती. मशीन अडखळायला लागलं होतं, पंखा जोरात फिरत होता. पण ‘शेठ ओरडतील’ म्हणून ती गप्प बसली. त्या दोन तासांत कोणी येऊन नेटवर्कची वायर उपटली असती, तर निम्मी मशीनं तरी वाचली असती. तिला बोल लावण्याआधी मी त्या ऑफिसात विचारलं, मेल कसा तपासायचा हे तिला कधी कोणी दाखवलं होतं का? कोणीच नव्हतं दाखवलं. खाली प्लँटमध्ये सेफ्टीचं ट्रेनिंग होतं, मॉक ड्रिल होते, वर्क परमिटवर सह्या होतात. वरच्या मजल्यावर यातलं काही नाही.

आता तो मेल जवळून बघू. पाठवणाऱ्याचं नाव ओळखीच्या पार्टीचं होतं. पण मेलमध्ये जे ठळक नाव दिसतं, ते पाठवणारा आपल्या मनाने टाकू शकतो. लिफाफ्यावर कोणीही कोणाचंही नाव लिहावं, तसंच ते असतं. खरा पत्ता त्या नावावर बोट ठेवलं की दिसतो. ॲट या चिन्हानंतर जे येतं ते शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं. त्या मेलमध्ये कंपनीच्या नावातल्या इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरं खेटून लिहिली होती. घाईत बघितलं तर एमच दिसतो. मीही दुसऱ्यांदा वाचल्यावर ओळखला.

फाइलचं नाव होतं इनव्हॉइस, पुढे नंबर आणि शेवटी पीडीएफ. चित्रही पीडीएफचंच. पण विंडोजला एक सवय आहे. ओळखीच्या प्रकारच्या फाइलींची शेवटची शेपटी ते आपल्यापासून लपवून ठेवतं. म्हणजे ‘इनव्हॉइस डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ अशी फाइल असेल, तर आपल्याला ‘इनव्हॉइस डॉट पीडीएफ’ एवढंच दिसतं. ईएक्सई म्हणजे कागद नव्हे, चालणारा प्रोग्रॅम. ही लपवाछपवी बंद करता येते आणि तेवढं काम तुम्ही आजच करा: फोल्डर उघडून वरच्या ‘व्ह्यू’मध्ये जा, विंडोज ११ असेल तर त्यात ‘शो’वर जा आणि ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. त्यानंतर शेवटी ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, बीएटी, आयएसओ यातलं काही दिसलं, तर बिल म्हणून आलेली ती फाइल बिल नाही, हे ठाम समजा. कुठलीही पार्टी आपलं बिल या रूपात पाठवत नाही.

ही युक्ती जुनीच आहे. ४ मे २००० या दिवशी फिलिपिन्समधून जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ व्हायरसने हेच केलं होतं. फाइल दिसत होती साध्या मजकुराची, प्रेमपत्राची, आणि तिची व्हीबीएस ही शेपटी झाकलेली होती. इतकी वर्षं झाली तरी माणसं त्याच जागी फसतात.

वर्ड आणि एक्सेलच्या फाइलींचं वेगळं आहे. बाहेरून आलेली फाइल उघडली की वर पिवळी पट्टी येते. तिच्यावर ‘एनेबल एडिटिंग’ किंवा ‘एनेबल कंटेंट’ असं बटण असतं. फाइल फसवी असेल तर आत अस्पष्ट चित्र असतं आणि त्यावर लिहिलेलं असतं की मजकूर नीट दिसण्यासाठी वरचं बटण दाबा. ती पट्टी म्हणजे मध्ये बंद केलेला व्हॉल्व्ह आहे. फाइलमध्ये दडवलेला मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, ती पट्टी अडवून धरते. नेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो २०२२पासून मायक्रोसॉफ्टने मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. पण आपल्याकडे कितीतरी ऑफिसांत ऑफिसची जुनी आवृत्ती चालते, तिथे ही अडवणूक इतकी कडक नसते. ओळखीच्या माणसाची फाइल असली, तरी ती नुसती वाचायला हे बटण लागत नाही. मागितलं तर शंका घ्या.

झिप फाइल आली आणि तिचा पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला असला, तर थांबा. कुलूप आणि किल्ली एकाच पिशवीत पाठवण्याचा उपयोग काय? उपयोग एवढाच, की मेल तपासणाऱ्या अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये. एचटीएमएल प्रकारची फाइल उघडल्यावर जीमेलचं किंवा आउटलुकचं लॉगिनचं पान दिसलं, तर तेही थांबण्याचं कारण. फाइल वाचायला तुमचा पासवर्ड लागत नाही. तिथे टाकलेला पासवर्ड सरळ चोराकडे जातो. हल्ली साध्या पीडीएफमध्येही लिंक किंवा क्यूआर कोड टाकून हेच करतात.

पूर्वी आम्ही सांगायचो, मोडकंतोडकं इंग्रजी दिसलं तर सावध व्हा. आता ते सांगण्यात अर्थ राहिला नाही. मेल शुद्ध भाषेत येतात, मराठीतही येतात. आणि सर्वांत अवघड मेल तर खऱ्याच माणसाच्या खऱ्याच पत्त्यावरून येतात. समोरच्या पार्टीचा पासवर्ड चोरीला गेलेला असतो, चोर महिनाभर त्यांचा पत्रव्यवहार वाचत बसतो आणि सौदा पक्का होत आला की चालू संभाषणातच उत्तर पाठवतो: ‘आमचं बँक खातं बदललं आहे, सुधारित प्रोफॉर्मा सोबत जोडला आहे.’ इथून न्हावा शेवामार्गे माल बाहेर पाठवणाऱ्या आणि बाहेरून कच्चा माल आणणाऱ्यांना याचा धोका जास्त, कारण त्यांची रक्कम मोठी आणि व्यवहार सगळा मेलवर. पत्ता कितीही निरखून बघितला तरी इथे काही सापडत नाही.

म्हणून एक गोष्ट मनात पक्की धरा. मेलची खात्री मेलवर करायची नाही, दुसऱ्या वाटेने करायची. फोन उचला आणि विचारा, ‘साहेब, तुम्ही आता फाइल पाठवली का?’ नंबर जुन्या बिलावरचा किंवा आपल्या डायरीतला घ्या. मेलच्या खाली दिलेला घेऊ नका, तो चोराचा असू शकतो. खातं बदलल्याचा निरोप आला, तर फोनशिवाय एक रुपयाही नव्या खात्यात टाकू नका, मग मालकाच्याच नावाने मेल आलेला असो. मालकांनीही हे ऑफिसात मोठ्याने सांगून ठेवावं, की माझ्या नावाने आलेल्या मेलबद्दल मला फोन केलात तर मी रागावणार नाही. हे वाक्य मालकाच्या तोंडून निघाल्याशिवाय कर्मचारी विचारायचं धाडस करत नाहीत.

आपल्या भागात आणखी एक दुखरी जागा आहे, ती म्हणजे नोटीस. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या सीईपीआय यादीत, म्हणजे प्रदूषित औद्योगिक भागांच्या यादीत, तारापूर देशात सर्वांत वर होतं. तेव्हापासून इथल्या कारखानदाराला नोटीस या शब्दाचीच धास्ती आहे. प्रदूषण मंडळ, जीएसटी, आयकर, पीएफ, यातल्या कुठल्याही नावाने फाइल आली की हात आपोआप माउसकडे जातो. भीती खरी आहे, म्हणूनच तिचा फायदा घेणं सोपं. सरकारी मेलचा पत्ता बहुतेक वेळा ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ने संपतो. पण तेवढ्यावरही विसंबू नका, फाइल न उघडताच त्या खात्याच्या पोर्टलवर स्वतः पत्ता टाइप करून लॉगिन करा. खरी नोटीस बहुधा तिथेही असतेच. आयकर खात्याच्या नोटिशीवर १ ऑक्टोबर २०१९पासून डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो ई-फायलिंगच्या साइटवर लॉगिन न करताही तपासता येतो. केंद्रीय जीएसटीच्या बऱ्याच पत्रांवरही असाच क्रमांक असतो आणि तो सीबीआयसीच्या साइटवर पडताळता येतो. आपल्या सीएला एक फोन केला तरी दहा मिनिटांत उलगडा होतो. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २०२५मध्ये चांगली गोष्ट केली. सगळ्या बँकांना आपल्या वेबसाइट ‘बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर न्यायला सांगितल्या आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. बँकेच्या नावाने आलेली लिंक या शेवटाची नसेल तर तिच्यावर बोट ठेवू नका.

शिकलेल्या, अनुभवी माणसांनाही हे घडतं. मुंबईतच मुख्य कार्यालय असलेल्या युनियन बँकेच्या एका कर्मचाऱ्याने २०१६मध्ये मेलला जोडलेली फाइल उघडली. मेल रिझर्व्ह बँकेकडून आल्यासारखा दिसत होता. त्या एका फाइलमधून चोर आत शिरले आणि जुलैमध्ये त्यांनी बँकेच्या परदेशातल्या खात्यातून १७ कोटी १० लाख डॉलर बाहेर पाठवले. दुसऱ्या दिवशी हिशोब जुळवताना फरक लक्षात आला, लगेच धावपळ झाली आणि पैसे परत मिळाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सकडे गेले. तिथे सुरुवात झाली होती ती नोकरी मागणाऱ्याच्या नावाने आलेल्या मेलपासून, सोबत बायोडाटा. आपल्या एचआरच्या माणसाला रोज किती बायोडाटा येतात, याचा विचार करा. बायोडाटा डाउनलोड न करता मेलमध्येच, ब्राउझरमध्येच बघावा. जीमेलमध्ये तो तसा उघडतो आणि आपल्या मशीनवर काही उतरत नाही.

घरी ऑफिसचा मेल नसेल, पण फाइल मोबाइलवर येते, व्हॉट्सअ‍ॅपवर. तिचं नाव असतं ‘लग्नपत्रिका’, ‘आरटीओ चलान’, ‘पीएम किसान यादी’ आणि शेवटी एपीके. एपीके म्हणजे ॲप. पत्रिका चित्रात येते, पीडीएफमध्ये येते, ॲपमध्ये येत नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याने अशीच लग्नाची पत्रिका म्हणून आलेली फाइल उघडली आणि त्याच्या खात्यातून जवळपास दोन लाख रुपये गेले. असं ॲप फोनमध्ये बसलं की तुमचे एसएमएस वाचू शकतं, म्हणजे ओटीपीसुद्धा.

पालघर जिल्ह्यात मला याची जास्त काळजी वाटते. बुलेट ट्रेन, मालवाहतुकीचा रेल्वेमार्ग, मुंबई-वडोदरा महामार्ग यांच्यासाठी जमिनी गेल्या आणि गावागावांत मोबदल्याचे पैसे बँकेत आले. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ला झालं, तेव्हापासून तिथल्या किनाऱ्यावर चर्चाच ती. अशा वेळी ‘मोबदला यादी’ किंवा ‘बंदर भरती’ नावाची फाइल आली, तर जमीन गेलेला म्हातारा माणूस किंवा नोकरीच्या आशेवर असलेला जव्हार-विक्रमगडचा पोरगा ती उघडणारच. घरातल्या कळत्या मुलांनी आपल्या आई-वडिलांच्या फोनमध्ये एवढं करावं: सेटिंगमध्ये जाऊन ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधावं आणि व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर या सगळ्यांसमोर ते बंद आहे ना बघावं. आणि त्यांना सांगावं, यादी बघायची असेल तर प्रांत ऑफिसात किंवा तलाठ्याकडे जाऊन बघू.

एवढं करूनही फाइल उघडली गेलीच, तर काय करायचं? लाजायचं नाही आणि वाट बघायची नाही. मशीनची नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा. मोबाइल असेल तर फ्लाइट मोडवर टाका. मेल पुसून टाकू नका, तोच पुरावा आहे, आणि दुसऱ्या कोणाला ‘उघडून बघ’ म्हणून पाठवू नका. दुसऱ्या स्वच्छ फोनवरून मेलचे आणि बँकेचे पासवर्ड बदला. मेलच्या सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ उघडून बघा, कारण चोर बऱ्याचदा तुमच्या मेलची एक प्रत गुपचूप स्वतःकडे वळवून ठेवतो आणि पासवर्ड बदलला तरी ती वाट चालूच राहते. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३०ला फोन, मग बँकेला. १९३० ही देशभराची हेल्पलाइन आहे, पैसे पुढच्या खात्यात पोचण्याआधी अडवण्याचा प्रयत्न तिथून होतो. लेखी तक्रार ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर करता येते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७मध्ये आणलेल्या नियमाप्रमाणे, चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच ठिकाणी असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा येत नाही. चूक आपली असली तरी कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेकडे जातं. म्हणून कळवल्याची वेळ लिहून ठेवा, तक्रारीचा नंबर मागून घ्या. कंपन्यांनी हेही लक्षात घ्यावं की सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशाने अशा घटना कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवणं बंधनकारक आहे. मशीन साफ करण्याची मोफत साधनं सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर मिळतात.

बॅकअप घेतला की हार्ड डिस्क मशीनपासून काढा आणि कपाटात ठेवा. दोन डिस्क असल्या तर एक शेठच्या घरी असू द्या. आणि महिन्यातून एकदा त्या बॅकअपमधून टॅली खरंच उघडते का, ते बघा. मी कितीतरी ठिकाणी वर्षभर घेतलेला बॅकअप रिकामा निघालेला बघितला आहे.

प्लँटमधलं पीएलसी-स्काडाचं मशीन किंवा लॅबमधल्या एचपीएलसीचा कॉम्प्युटर यांच्यावर मेल उघडू नका, पेन ड्राइव्हही लावू नका. सप्टेंबर २०१९मध्ये कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या यंत्रणेत मालवेअर सापडल्याचं सर्ट-इनने कळवलं, आणि आपलं तारापूरचं केंद्र चालवणाऱ्या एनपीसीआयएलनेच ते ३० ऑक्टोबरला मान्य केलं. बाधित मशीन प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या नेटवर्कवर होतं. अणुभट्टीच्या नियंत्रणाची यंत्रणा त्यापासून पूर्ण वेगळी असल्याने तिथपर्यंत काही पोचलं नाही, असं त्यांनी सांगितलं. तुमच्या कारखान्यात हे दोन संसार वेगळे आहेत का, हे उद्या आपल्या कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाला विचारा. नेट बँकिंगसाठीही शक्य असेल तर एक मशीन वेगळं ठेवा, ज्यावर मेल उघडायचाच नाही.

त्या सफाळ्याच्या मुलीच्या टेबलावर आता काचेखाली एक कागद आहे. त्यावर मोठ्या पार्ट्यांचे जुन्या बिलांवरून उतरवलेले फोन नंबर आहेत, बँकेचा नंबर, १९३० आणि माझा. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, ‘दादा, सुरतेच्या पार्टीकडून झिप आली आहे, पत्ता बरोबर वाटतो, पण त्यांनी याआधी कधी झिप पाठवली नव्हती.’ मी म्हटलं, त्यांना फोन लाव. तिने लावला. फाइल खरी होती, पीओसोबतची ड्रॉइंग मोठी म्हणून त्यांनी झिप केली होती. पलीकडच्या माणसाने उलट विचारलं, आमच्या ऑफिसातल्या पोरांनाही तुम्ही हे सांगाल का? तिने फाइल उघडली, पीओची प्रिंट काढली आणि डिस्पॅचला खाली पाठवली.